सिएरा नेवाडाची रानबकरी

स्पेन देशाच्या दक्षिण भागी ग्रानाडा नावाचे पुरातन नगर आहे. तेथील आल्हंब्रा राजवाडा पाहण्यासाठी जगभरची माणसे लोटतात. आम्हीही तो पाहिला. परंतु त्याच्या वर्णनात आजवर इतक्या लेखण्या झिजल्या आहेत की आणखी एक झिजविण्याचे प्रयोजन दिसत नाही. आमच्या मनात राहिला तो दिवस निराळाच.

आमचे धाकटे चिरंजीव तेथील विद्यापीठात अध्ययन करीत आहेत. जूनच्या अखेरीस त्यांनी आम्हांस सिएरा नेवाडा पर्वतावर नेले. या नावाचा अर्थच मुळी 'हिमाच्छादित पर्वतराजी' असा. दक्षिण उतारावर कापिलेइरा म्हणून पांढऱ्या घरांचे एक खेडे आहे. तेथून उन्हाळ्यात एक लहान मोटार २,७०० मीटर उंचीपर्यंत प्रवाशांना पोहोचविते. समोर मुलासेनचे शिखर दिसते; उंची ३,४७९ मीटर, म्हणजे साऱ्या आयबेरियन द्वीपकल्पात सर्वांत उंच. मूरांच्या एका सुलतानाचे नाव त्यास मिळाले आहे, व त्यास तेथेच पुरले अशी दंतकथा सांगतात. बरोबर चिरंजीवांच्या ओळखीचे एक वनरक्षक होते. गृहस्थ निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेले, बोलण्यात मितभाषी. ते स्पॅनिशमध्ये बोलत आणि चिरंजीव आम्हांस मराठीत सांगत.

मोटारीतून उतरून पाऊण तास चाललो असू, तोच खडकांच्या कडेवर रानबकऱ्यांचा कळप दिसला. यांना तिकडे 'काब्रा मोंतेस' म्हणतात. दहाबारा माद्या, आणि मे महिन्यात जन्मलेली करडे. ज्या कड्याकडे नुसते पाहून आमचे पाय लटपटत होते, त्यावर ती पोरे अंगणातल्यासारखी उड्या मारीत होती. विणीचा हंगाम सोडला तर नर या कळपात राहत नाहीत. ते आपापले निराळे हिंडतात. नराची शिंगे वीणेच्या दांडीसारखी बाकदार, आणि वर्षागणिक त्यांवर एकेक वळे चढत जाते, त्यामुळे जाणकारास लांबूनही वय मोजता येते.

तो नर पुढे एका पाटाच्या काठी एकटाच उभा होता. हे पाट मूर लोकांच्या काळापासूनचे. आम्ही पन्नास पावलांवर येऊनही तो पळाला नाही, आणि त्यातच काही विपरीत आहे हे प्रथम जाणवले. मानेवर व खांद्यांच्या उंचवट्यावर केस नव्हते. कातडी राखी रंगाची, जाड, वाळल्या चिखलासारखी भेगाळलेली. बरगड्या मोजून घ्याव्यात. मधूनच तो मागच्या पायाचा खूर मानेकडे नेई, पण खाजवण्याचेही त्राण नसल्याप्रमाणे अर्ध्यावरच खाली ठेवी.

"सार्ना," वनरक्षक म्हणाले. चिरंजीवांस भाषांतर करावे लागले नाही. सार्ना म्हणजे खरूज. आपल्याकडे कुत्र्यास झाली की जिला लूत म्हणतात तीच. या शब्दावरून स्पॅनिश भाषेत एक म्हण आहे: हौसेने घेतलेली खरूज खाजत नाही. आपण 'हौसेला मोल नाही' म्हणतो तसाच काहीसा प्रकार. त्या बोकडाने मात्र ती हौसेने घेतलेली नव्हती.

या रोगाचे कारण अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, आठ पायांचा एक जीव आहे. कीटक नव्हे, गोचिडीच्या जातकुळीतला. १६८७ साली बोनोमो व चेस्तोनी या दोघा इटालियन पंडितांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून खरजेचा दोष रक्तावर वा पित्तावर न ठेवता या जीवावर ठेवला. त्याची मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणीत जाते आणि मागे रोज दोनतीन अंडी ठेवते. तीनचार दिवसांत ती फुटतात, दोनतीन आठवड्यांत नवी पिढी खणू लागते. खरी हानी नुसत्या खणण्याने होत नाही. या आगंतुकाविरुद्ध शरीर जो क्षोभ करते त्याने होते. असह्य कंड सुटतो, केस झडतात, कातडीवर पापुद्र्यांचे कवच चढते, ते फुटून त्यात जंतू शिरतात. जनावराचे चरणे व रवंथ करणे कमी होते, चरबी संपते, रक्त पातळ पडते. माद्यांची प्रजननशक्ती खालावते. त्यात हिवाळा हिमाचा, आणि अंगावर लोकर नाही. पुष्कळशी जनावरे हिवाळ्याच्या शेवटी व वसंतात मरतात ती अशी.

हे ऐकताना आम्हांस वाड्यातील आजी आठवली. एका पोराला खरूज झाली की ती सोळाच्या सोळा पोरांना ओटीवर ओळीने बसवी, आणि गंधक घोटलेले खोबरेल सर्वांच्या अंगास चोळी. ज्याला काही झालेले नाही त्यालाही. तो रडू लागला तरी सुटका नसे. पांघरुणे, सदरे, झंपर सगळे उकळत्या पाण्यात जाई. तिला त्या जीवाचे नाव ठाऊक नव्हते, परंतु एकाला औषध लावून बाकीचे सोडले तर आठ दिवसांत रोग पुन्हा घरात येतो, हे ती पक्के जाणत होती. पर्वतावर हीच अडचण आहे. तेथे ओळीत कोणास बसविणार?

औषध नाही असे नव्हे. जपानातील मातीत ओमुरा यांना सापडलेल्या एका सूक्ष्म जंतूपासून आयव्हरमेक्टिन निघाले, व त्याबद्दल त्यांना आणि कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण रानबकरीस ते द्यावयाचे म्हणजे प्रथम तिला पकडावयाचे. चाऱ्यातून द्यावे तर कोणी किती खाल्ले याचा हिशेब नाही, आणि त्याचा अंश लेंड्यांतून उतरून शेण खाणाऱ्या भुंग्यांस मारतो.

वनरक्षकांनी मग कासोर्लाची हकीकत सांगितली. हा डोंगराळ प्रदेश ग्रानाडाच्या ईशान्येस, ग्वादालकिविर नदीच्या उगमाजवळ आहे. १९८७ साली तेथे ही खरूज शिरली. पाळीव शेळ्यांच्या संगतीने आली असा समज आहे. पुढील थोड्या वर्षांत तेथील रानबकऱ्यांपैकी शेकडा ९५ हून अधिक मेल्या. गिधाडांनाही इतके मांस पुरे झाले असेल. सिएरा नेवाडात पहिले रोगी जनावर १९९२ साली आढळले, तेव्हा येथेही तेच होणार म्हणून सर्वांनी धास्ती घेतली.

ती खरी ठरली नाही. रोग आला, राहिला, आजही आहे. दरवर्षी बळी घेतो. पण कळप टिकले. गेल्या शतकाच्या मध्यास शिकारीमुळे येथे शेकड्यांनी मोजण्याइतकीच रानबकरी उरली होती. आज ती हजारोंनी आहेत. दाटी, चारा आणि थंडी यांवर रोगाची तीव्रता पुष्कळ अवलंबून असते. तथापि एवढ्यानेच सर्व उलगडते असे आम्हांस वाटत नाही.

"पूर्वी आमचा नियम सोपा होता," वनरक्षक म्हणाले. "खरूज दिसली की गोळी. मीही पुष्कळ मारले. नंतर गळ्यात रेडिओचे पट्टे बांधून काही जनावरांवर नजर ठेवली, तेव्हा कळले की थोडे झालेल्यांपैकी काही आपोआप बरी होतात. मग मला झोप लागेना. ज्यांच्या रक्तात हा रोग जिंकण्याचे बळ होते, तीच मी वेचून मारली असतील तर?"

चिरंजीवांनी हे मराठीत सांगून संपविले, तरी कोणी काही बोलले नाही. मग आम्हीच विचारले, "आणि हा?"

त्यांनी बराच वेळ दुर्बिणीतून पाहिले. या दिवसांत धडधाकट बोकडही हिवाळ्याची लोकर टाकून गबाळा दिसतो, म्हणून लांबून फसगत होते, असे त्यांनी सांगितले. पण ही फसगत नव्हती. मानेवरील कवच जुने होते. मात्र त्याच्या कडेला बारीक नवे केस असावेत असा त्यांना संशय होता. दुर्बीण आमच्या हाती दिली. आम्हांस संशय घेण्याइतकेही दिसले नाही. त्यांनी वहीत लिहून घेतले: शिंगांवर सहा वळी, डावे टोक मोडलेले, निम्म्याहून कमी अंगास रोग. पाठीवरची बंदूक त्यांनी काढली नाही.

दिवाळीच्या सुमारास चिरंजीवांचे पत्र आले. वनरक्षक त्या पाटाकडे चारपाच वेळा जाऊन आले. मोडक्या शिंगाचा बोकड पुन्हा दिसला नाही. त्याचे हाडही कोठे सापडले नाही.