सोळा घरं

मराठी भाषेत 'घर' हा शब्द मोठा ऐसपैस आहे. माणूस राहतो ते घर, सारीपाटावर सोंगटी बसते तेही घर, आणि कुंडलीत शनि-मंगळ मुक्कामाला येतात तेही घरच. या शब्दाच्या गोतावळ्यात अलीकडे आणखी एक घर येऊन राहिलं आहे. ते मोबाइलच्या काचेवर असतं, नखाएवढं असतं, आणि त्यात माणूस राहत नाही, ग्रहही राहत नाही, सूर राहतो.

त्याची नि माझी गाठ घालून दिली ती माझ्या नातीने. गणपतीला मुंबईहून चाकरमानी रत्नागिरीत उतरले की आमची गप्प पडलेली घरं पुन्हा बोलू लागतात. यंदा त्या गर्दीत ही बारा वर्षांची पोरगीही आली, आणि आल्या दिवशीच ओटीवर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आजोबा, गाणं करू या का?" माझी आई ज्या सहजतेने "पोहे करू का?" म्हणून विचारी, त्याच सहजतेने!

तिने फोन पुढे धरला. काचेवर आडव्या-उभ्या रेघांनी आखलेली पाटी होती. डावीकडून उजवीकडे काळ पुढे सरकतो, खालून वर सूर चढत जातो, एवढंच तिचं व्याकरण. ज्या घराला बोट लावाल ते रंगाने भरतं. मग एक उभी रेघ डावीकडून निघते, भरलेल्या घरांवरून गेली की त्या त्या घरातला सूर वाजतो, आणि शेवटाला पोचली की घाण्याच्या बैलासारखी निमूटपणे पुन्हा पहिल्या घराशी येते. गूगलने 2018 साली काढलेला हा 'साँग मेकर'. अशी अॅप्स आता पुष्कळ आहेत. कुणात सुरांची घरं, कुणात नुसत्या ठोक्यांची.

मी आपली मनाला येईल तिथे बोटं लावली. रेघ धावली आणि जे वाजलं ते चक्क कानाला गोड लागलं! उतारवयात आपल्यात एक संगीतकार जागा झाला, असं क्षणभर वाटलंसुद्धा. पण नातीने लगेच त्याला झोपवलं. "आजोबा, मी पेंटॅटॉनिक लावलंय. त्यात कसंही वाजवलं तरी चांगलंच वाजतं." मी सूर मोजून पाहिले: सा, रे, ग, प, ध. मध्यम नाही, निषाद नाही. म्हणजे आपल्या भूपाचीच ही मंडळी की! एकमेकांशी न भांडणारे पाच शेजारी एका चाळीत ठेवले, तर त्या चाळीत आरडाओरडा व्हायचा कसा?

मात्र चाळ म्हणजे राग नव्हे. देशकारातही हेच पाच सूर आहेत. भूप गंधारावर जीव टाकतो, देशकार धैवतावर. एवढ्याने एक संध्याकाळनंतरचा होतो आणि दुसरा सकाळचा. काचेवर मात्र दोघांचा पत्ता एकच.

घरं आखून संगीत करायची ही हौस तशी नवी नाही. जपानातल्या तोशिओ इवाई या कलावंताने यामाहा कंपनीसाठी 'टेनोरी-ऑन' नावाचं वाद्य केलं, ते 2007 साली बाजारात आलं. सोळा ओळी, प्रत्येकीत सोळा दिवे, अशी 256 घरं. त्याच्याही आधी, 1980 साली, रोलँड या जपानी कंपनीने ठोक्यांचं एक यंत्र काढलं होतं. त्यावर सोळा बटणं एका रांगेत. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक म्हणून वावरलेले चरणजित सिंग यांनी हे यंत्र आणि त्याची भावंडं घेऊन 1982 साली दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर बसवले. त्या दहांत आपला भूपही होता. तेव्हा त्या तबकडीकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. 2010 साली ती नव्याने निघाली आणि मग परदेशातले लोक चकित झाले, की हे असलं संगीत इतक्या लवकर, आणि तेही मुंबईत, झालं कसं!

मला त्याचं एवढं नवल वाटलं नाही. सोळा घरांची आपल्याला सवयच आहे. त्रिताल म्हणजे दुसरं काय? सोळा मात्रा, चार-चारांचे चार विभाग, नवव्या मात्रेवर खाली. वाळकेश्वरला 1860 साली जन्मलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी वकिलीचं शिक्षण घेतलं, पण आयुष्य वेचलं ते उस्तादांच्या गळ्यांतल्या चिजा कागदावर उतरवण्यात. त्यांची क्रमिक पुस्तकं उघडून पाहा: मात्रांच्या रांगा, विभागांमध्ये उभ्या रेघा, समेखाली फुली, खालीखाली शून्य. एका मात्रेत दोन-तीन सूर कोंबायचे असले तर त्यांच्या खाली अर्धचंद्र. ही सूर-तालांची घरंच. ती आखली म्हणून कितीतरी चिजा वाचल्या, आणि गुरूच्या घरी पाणी भरायची सोय नसलेल्या मुलामुलींपर्यंत पोचल्या. म्हणून चौकटीला हिणवायचं माझ्या तरी जिवावर येतं.

पण चौकटीची खरी परीक्षा झाली ती आमच्या वाडीतल्या भजनात.

आमच्या भजनाचा मृदुंग म्हणजे तात्या. डाव्या पुडीला कणीक लावून त्यांनी पहिली थाप मारली की पेंगणारं पोरही उठून बसायचं. गेली दोन वर्षं त्यांची बोटं संधिवाताने आखडली आहेत. वाडीतली तरणी पोरं नोकरीधंद्यासाठी बाहेर. शिकायला कुणी नाही. यंदा तात्या मला म्हणाले, "अण्णा, मृदुंग आता खुंटीवरच राहणार बघा." मी काही बोललो नाही. टाळांवर भजन एखादं वर्ष निभेल, पण पुढं?

नातीने ते ऐकलं असावं. भजनी ठेका आठ मात्रांचा. एका मात्रेला दोन घरं दिली की बरोबर सोळा भरतात. तिने दुपारभर बसून तो फोनमध्ये भरला आणि रात्री फोन स्पीकरला जोडून दिला. पहिला अभंग झोकात गेला. मंडळी माना डोलावू लागली. दुसऱ्या अभंगाला बुवांना रंग चढला. त्यांनी एका शब्दावर सूर धरला, तो लांबवला, गणपतीकडे पाहत तिथेच थांबले. अशा वेळी तात्या थांबायचे. हात पुडीवर, डोळे बुवांच्या ओठांवर. बुवांचा श्वास वळला की थाप. फोन कसला थांबतो! त्याची रेघ पहिल्या घराशी जाऊन केव्हाच परत आली होती. टाळ निम्मे बुवांबरोबर, निम्मे फोनबरोबर; समेचा पार बोजवारा उडाला. नातीचा चेहरा एवढासा झाला. तेव्हा तात्या हसून म्हणाले, "तुझ्या यंत्राचं चुकलं नाही गो. ते बरोबरच होतं. पण एकटंच बरोबर होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ही पोरगी फोन घेऊन तात्यांच्या पडवीत हजर. तात्या तोंडाने बोल म्हणत, मांडीवर ठेका धरत. ती घरं भरत होती. सगळं जुळलं, एक ठोका काही केल्या बसेना. सातव्या घरात ठेवला, तात्या म्हणाले, "घाई झाली." आठव्यात ठेवला, "उशीर झाला." तिने घरांचे आणखी बारीक तुकडे केले. तात्यांनी ऐकलं, मान हलवली आणि म्हणाले, "बाळ, तो ठोका घरात राहत नाही. तो उंबऱ्यावर बसतो."

तिने फोन खाली ठेवला आणि विचारलं, "मग तो कसा वाजवायचा?" तात्या उठले आणि मृदुंग खुंटीवरून काढायला मला हाक मारली.

मला त्या क्षणी आमच्या भजनातल्या पेटीची आठवण झाली. पेटी हीसुद्धा घरांचीच करामत. फक्त तिथे काळाऐवजी सुराचे समान तुकडे पाडलेले. तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत, असा आक्षेप घेऊन 1940 साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. 1971 साली ती सैल झाली. आक्षेप खोटा नव्हता. पण गावोगावच्या भजनांनी तिला सोडलं नाही. गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या हातात त्या पट्ट्या गळ्याच्या जवळ गेल्या. पेटी बदलली नाही. वाजवणाऱ्याचा कान तिच्या दोन पट्ट्यांच्या मधलं ऐकायला शिकला. या नव्या चौकटीचंही तसंच होईल, असं मला वाटतं. मात्र ते मधलं कुठे आहे हे सांगणारा कुणीतरी शेजारी बसलेला हवा. आमच्या वाडीत असा माणूस सध्या एकच आहे, आणि त्याचं वय झालं आहे.

नात मुंबईला परत गेली. तिथल्या दोन खोल्यांत मृदुंग कुठला? ती उशीवर हात बसवते आणि लयीला फोनची सोळा घरं लावते. दर रविवारी व्हिडिओ कॉल येतो. तात्या फोन कानाशी नेऊन ऐकतात आणि "उंबरा चुकला" किंवा "आता आलीस दारात" एवढंच बोलतात. दिवाळीच्या सुट्टीत ती येणार आहे. मृदुंगाच्या वाद्या सैल पडल्या होत्या; तात्यांनी तो कालच ओढून घ्यायला दिला.