मिस्त्रीची वही

अमडापूरहून चिखलीकडे निघालेली त्याची गाडी गाव मागे पडायच्या आतच बंद पडली. तीन वर्षांपूर्वी ती घेताना मासिकांतली परीक्षणं त्याने अक्षरशः पाठ केली होती. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, काही न बोलता तेलकट बोटांनी वही चाळली. तीच गाडी, तोच पंप. वहीत आधी दोनदा.

तो लिंबाखाली बसून राहिला. राग असा नव्हता. फसल्यासारखं वाटत होतं, पण फसवलं कुणी, ते सांगता येईना.

परीक्षणासाठी गाडी मिळते ती बहुधा कंपनीकडूनच, नवी कोरी, चार-आठ दिवसांपुरती. नव्या नवलाईत कुठली गाडी गुणी नसते? अमेरिकेतलं 1936 साली सुरू झालेलं ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ मात्र गाड्या स्वतः विकत घेतं, जाहिराती छापत नाही आणि टिकाऊपणाचं मालकांनाच विचारतं. आपल्याकडे परीक्षणाचं पान उलटलं की त्याच गाडीची पानभर जाहिरात!

2015 चं फोक्सवॅगनचं धूर-चाचणीतल्या फसवणुकीचं प्रकरणही परीक्षणांतून फुटलं नाही. प्रश्न धुराचा होता, टिकाऊपणाचा नव्हे, हे खरं. पण त्याचा माग लागला वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांच्या चाचण्यांमुळे. पुण्याच्या ‘एआरएआय’ या वाहन-चाचणी संस्थेच्या तपासणीनंतर भारतातही सुमारे 3 लाख 23 हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या.

मिस्त्रीने वहीत तिसरी ओळ लिहिली: पंप, किलोमीटर, तारीख. त्याला ते पान मागावंसं वाटलं, मागितलं नाही.

नवा पंप संध्याकाळच्या एस्टीने खामगावहून आला.