बदलीचा अर्ज

परप्रांतात नोकरी करणाऱ्या प्रत्येक मराठी अधिकाऱ्याच्या खणात बदलीचा एक अर्ज असतो, असे माझे जुने निरीक्षण आहे. काहींचा तो टंकलिखित असतो, काहींचा नुसताच मनात. त्यांतील कारणेही बहुधा ठरलेली असतात : वृद्ध मातापितरे, मुलांचे शिक्षण, पत्नीची प्रकृती. माझा अर्ज यांपैकी कोणत्याच रकान्यात बसणारा नव्हता. त्याचे कारण होते माझ्या पाच महिन्यांच्या मुलीचे गाल.

मुलगी जन्मली ती मिरजेस, तिच्या आजोळी, ऐन पावसाळ्यात. तेव्हा तिची कांती अशी नितळ होती की, पाहावयास येणाऱ्या बायका दृष्ट लागू नये म्हणून स्वतःच बोटे मोडीत. ऑक्टोबरात पत्नी तिला घेऊन फरीदाबादेस आली. दिवाळी झाली, हवेत धूर दाटला, थंडी पडू लागली आणि एके सकाळी मुलीचे दोन्ही गाल लाल झालेले दिसले. थंडीने उलले असतील, असे आम्ही म्हटले. आठ दिवसांत ती लाली कपाळावर चढली, पायांवर उतरली, तिला बारीक खवले आले आणि खवल्यांतून पाणी झरू लागले. डॉक्टरांनी नाव सांगितले ते आपल्या ओळखीचेच : इसब. इंग्रजीतला 'एक्झिमा' हा शब्द ज्या ग्रीक धातूवरून आला, त्याचा अर्थ 'उतू जाणे' असा आहे. दुधाकडे क्षणभर दुर्लक्ष झाले की ते उतू जाते. त्वचेचेही तसेच होते, हे त्या प्राचीनांना दिसले असावे.

मोठ्या माणसास खाज सुटली तर तो खाजवितो आणि वर चार शब्द बोलतो. पाच महिन्यांच्या बालकास ही दोन्ही सुखे नसतात. ती रात्रभर गाल गादीवर घासायची. पायावर पाय चोळायची. आम्ही तिच्या हातांना मोजे घालीत असू. सकाळी एक मोजा निसटलेला आणि चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके, हा देखावा आम्हांस नित्याचा झाला. पत्नीने त्या हिवाळ्यात सलग तीन तास झोप घेतली असेल असे मला वाटत नाही.

संकट आले की माणूस प्रथम उपाय शोधीत नाही, अपराधी शोधतो. आमच्या घरी तो शोध फार लवकर संपला. सासूबाईंनी मिरजेहून फोनवर निकाल दिला : "त्या मुलखाचं पाणीच वाईट. इथं होती तोवर एक पुरळ नव्हती बाळीच्या अंगावर. तुम्ही बदली मागून घ्या."

पाण्याचे नाव निघताच मी चपापलो, कारण पाणी हा माझा पोटापाण्याचा विषय. केंद्रीय भूजल मंडळाचे मुख्यालय फरीदाबादेस आहे आणि माझी उपजीविका जमिनीखालच्या पाण्याच्या नोंदींवर चालते. आमच्या वसाहतीत बोअरचे पाणी येते; त्याने साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरी पुटे धरतात. मी रीतसर नमुना घेतला. कठिणपणा लिटरमागे साडेचारशे मिलिग्रॅमच्या आसपास निघाला. भारतीय मानकाप्रमाणे २०० पर्यंतचे पाणी चांगले, आणि दुसरे पाणी उपलब्ध नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावे. म्हणजे पाणी निर्दोषही नव्हे आणि फासावर चढविण्याइतके दोषीही नव्हे. तरीही मी त्याच सायंकाळी अर्ज टंकिला : 'हवापाणी न मानवल्यामुळे अर्जदाराच्या अपत्याच्या प्रकृतीस अपाय होत असून…'

तो मी लगेच दिला नाही. एवढे कागदपत्र हाताळलेल्या माणसास पुराव्यावाचून टिपण पुढे पाठविण्याची लाज वाटते. म्हणून मी वाचू लागलो. इंग्लंड व वेल्समधल्या एका पाहणीत, जड पाण्याच्या वस्तीतील तीन महिन्यांच्या मुलांत इसबाचे प्रमाण अधिक आढळल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले होते. मला हर्ष झाला. परंतु त्याच इंग्लंडातील २०११ ची एक चाचणी मग हाती लागली. इसब असलेल्या ३३६ मुलांपैकी निम्म्यांच्या घरी पाणी मृदू करणारे यंत्र बसवून बारा आठवडे वाट पाहिली होती. निष्कर्ष असा की, त्या यंत्राने मुलांच्या इसबात काही फरक पडला नाही. आमच्या घरासाठी तसल्याच यंत्राचे दरपत्रक मी मागविलेले होते. ते मी फायलीखाली सरकवून ठेवले.

इकडे उपचारांचा बाजार भरलाच होता. शेजारी राहणाऱ्या पंजाबी वृद्धेस आम्ही बीजी म्हणतो. त्यांनी कडव्या तेलाची, म्हणजे मोहरीच्या तेलाची वाटी कोमट करून आणली. सासूबाईंनी टपालाने डाळीचे पीठ धाडले आणि ते सायीत कालवून अंगास चोळावे असे बजाविले. मी स्वतः औषधाच्या दुकानी जाऊन एक मलम घेऊन आलो. त्याने तीन दिवसांत गाल असे स्वच्छ झाले की मी घरात विजयी मुद्रेने वावरू लागलो. सातव्या दिवशी मलम थांबविले आणि दहाव्या दिवशी सारे पूर्वीपेक्षा भडकून उठले.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी ती ट्यूब हातात घेतली, मागची बारीक अक्षरे वाचली आणि माझ्याकडे पाहिले. एकाच मलमात तीव्र स्टेरॉइड, जंतुनाशक आणि बुरशीनाशक असा त्रिवेणी संगम होता. तान्ह्या मुलीच्या गालावर लावण्याजोगे ते नव्हेच. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास सरकारने २०१८ मध्ये बंदी घातली. दुकानदाराने मजजवळ चिठ्ठी मागितली नव्हती, आणि न मागितल्याबद्दल मी त्याचे आभार मानले होते.

नंतर बाईंनी जे सांगितले ते मला माझ्या धंद्याच्या भाषेत उमगले. फरीदाबादेजवळ अरवलीच्या पायथ्याशी बडखलचा तलाव आहे. एके काळी दिल्लीचे लोक तेथे सहलीस येत. पुढे तो कोरडा पडला. पाऊस पडत होताच. पण आजूबाजूच्या खाणींनी पाण्याच्या वाटा मोडल्या आणि खालची पातळी खोल गेली. माझ्या मुलीच्या त्वचेचेही तसेच होते. बाहेरून पाणी किती मिळते हा प्रश्न नव्हता. आतली ओल धरून ठेवणारा बांधच झिरपत होता. २००६ मध्ये डंडी येथील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, या विकाराच्या कित्येक रुग्णांत फिलॅग्रिन नावाचे प्रथिन घडविणारा जनुक सदोष असतो. हे प्रथिन म्हणजे त्वचेच्या चिरेबंदीतला चुना. तो विरविरीत असला की ओल बाहेर पडते; धूर, धूळ, साबण आणि जंतू आत शिरतात. कोरडी हवा व जड पाणी त्या भेगा रुंदावतात. परंतु भिंत मुळातच तशी बांधलेली असते.

"मग मोहरीचं तेल?" पत्नीने विचारले.

"ते झोंबतं. आणि डाळीचं पीठ स्वयंपाकघरात राहू द्या. फाटलेल्या कातडीतून अन्न आत गेलं, तर शरीर त्यालाच शत्रू समजू लागण्याचा धोका असतो."

उपाय सांगितला तो इतका साधा की मला तो कमी प्रतीचा वाटला. कोमट पाण्याने पाचदहा मिनिटांत स्नान. अंग पुसावयाचे ते टिपून, घासून नव्हे. आणि अंग दमट असतानाच बिनवासाचे स्निग्ध मलम सढळ हाताने. दिवसातून तीनचार वेळा, त्वचा चांगली दिसत असली तरीही. लाली उठेल तेथे सौम्य हायड्रोकॉर्टिसोन, सांगितले तितके दिवस.

'स्टेरॉइड' हा शब्द ऐकून, एकदा पोळलेला मी दुसऱ्या टोकास गेलो. मलम लावावयाचे ते मी चष्म्याच्या काचेवर फुंकर घालावी तितके पातळ लावी, आणि तिसऱ्या दिवशी बंद करी. परिणामी विस्तव विझत नसे; राख धरून राही. फेब्रुवारीच्या एका रात्री गालांवर मधासारख्या पिवळ्या खपल्या आल्या, मुलीस ताप भरला आणि पहाटे तिला घेऊन रुग्णालयात धावावे लागले. चिरांतून जंतुसंसर्ग झाला होता. तेथल्या बाकावर बसून मला कळले की भीतीने दिलेले अर्धे औषध हाही एक निष्काळजीपणाच असतो. तो सावधगिरीचा पोशाख करून येतो, इतकेच. कॉर्टिसोनच्या संशोधनास १९५० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले; १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिसोनचे मलम त्वचेच्या विकारांवर गुणकारी ठरल्याचे अमेरिकेत प्रसिद्ध झाले. किती लावावे याचे मापही ठरलेले आहे : मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या घडीपर्यंत ट्यूबमधून निघणारी रेघ, सुमारे अर्धा ग्रॅम, ही दोन तळहातांएवढ्या जागेस पुरते. पाण्याचा मिलिग्रॅम मोजणाऱ्या मला स्वतःच्या बोटाचे पेर मोजता आले नव्हते.

रुग्णालयातून परतल्यावर पत्नी प्रथमच रडली. "पहिल्या दिवसापासून मीच रोज नीट तेल-मलम लावलं असतं, तर झालंच नसतं हे," असे ती पुनःपुन्हा म्हणे. मी पाण्यास दोष देत होतो, सासूबाई मुलखास. तिने कोणासही न सांगता स्वतःस अपराधी ठरविले होते. या वेळी माझे वाचन कामास आले. ज्यांच्या कुळात हा विकार अगर दमा आहे अशा १३९४ नवजात बालकांवर इंग्लंडात एक चाचणी झाली. तिचा अहवाल २०२० मध्ये आला. निम्म्यांना वर्षभर रोज मलम चोपडले होते. दुसऱ्या वर्षी इसब आढळला तो एका गटात शेकडा २३ मुलांस, दुसऱ्यात शेकडा २५ मुलांस. झालेला विकार मलमाने आटोक्यात राहतो. पण होणारा त्याने टळत नाही. मी ते आकडे तिला दोनदा वाचून दाखविले. ती काही बोलली नाही. त्या रात्री मात्र मुलीपाशी मला बसवून ती झोपली.

बदलीचा विषय निघाला तो बीजींसमोर. त्यांचा जन्म बन्नूचा. फाळणीनंतर सरहद्द प्रांतातून आलेल्या हजारो निर्वासितांसाठी १९४९ मध्ये डॉ. राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली फरीदाबाद विकास मंडळ नेमले गेले आणि हे नवे नगर उभे राहिले. त्या काळात बीजी तंबूत वाढल्या. मी म्हटले, "या गावाची हवाच सोसत नाही हिला." त्या मुलीच्या तळपायावरून हात फिरवीत म्हणाल्या, "बेटा, हमारी बदली का अर्ज़ लेने वाला तो कोई था ही नहीं." त्यांच्या स्वरात टोमणा नव्हता. आपल्या तेलाची वाटी त्यांनी मुकाट्याने परत नेली होती आणि हल्ली त्या आमच्याकडे येताना हात धुऊन, नखे कापून येतात.

या विकारास शास्त्रात 'अटॉपिक' म्हणतात. १९२३ मध्ये अमेरिकेत हा शब्द योजिला गेला. मुळातील ग्रीक शब्दाचा अर्थ ज्याला स्थान नाही, जो ठिकाणावर नाही असा. आपण बदलीवरची माणसे हा शब्द ऐकून क्षणभर थबकू. परंतु मुलीस गाव बदलून ही त्वचा टाकता येणार नाही. मिरजेस गेली तरी ती तिच्या सोबतच जाईल. बहुतेक मुलांत वयाबरोबर हा त्रास उणावतो, असे बाई म्हणतात. तोवर तो निकालात निघणार नाही. रोज नव्याने हाताळावा लागेल.

मुलगी आता दीड वर्षाची आहे. यंदाच्या दिवाळीत तिच्या कोपरांच्या घडीत पुन्हा लाली आली आणि आठ दिवसांत ओसरली. मलमाचा डबा उघडताच ती स्वतःच हात पुढे करते.

अर्ज मी दिला नाही. त्याच्या कोऱ्या बाजूवर पत्नीने रेघा आखल्या आहेत : सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. तो कपाटाच्या दारावर चिकटविलेला आहे, आणि रात्रीच्या रकान्यात खूण करावयाचे काम माझ्याकडे आहे.