पडायलाही स्वतःची जमीन लागते

मी मोटरसायकल शिकवतो, असं सांगितलं की समोरचा हमखास हसतो. "ती काय शिकवायची गोष्ट आहे का? ती येतेच की!" गेल्या सहा वर्षांत हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता मी उलटा प्रश्न विचारतो. तुला कुणी शिकवली? कुठे शिकलास? उत्तर बहुतेक वेळा एकाच साच्याचं येतं. लहानपणी चुलत्याच्या गाडीवर पुढे टाकीवर बसायचो, सातवीत घरापासून विहिरीपर्यंत नेली, आठवीत ऊस तुटून गेलेल्या रानात दोन-तीनदा पडलो, मग आली.

मित्रांनो, या उत्तरात काय काय दडलंय ते नीट बघा. घरात गाडी आधीपासून आहे. घरचं शेत आहे, विहिरीकडे जाणारी वाट घरची आहे. पोरगं पडतं ते मऊ मातीत आणि ती मातीही बापाच्याच सातबाऱ्यावरची. पडताना बघायला चुलता आहे, पोलीस नाही. "यांना आता गाड्या पण पाहिजेत" असं म्हणणारा कुणी पारावर बसलेला नाही. अठरा वर्षांचा होईपर्यंत या पोराची चार-पाच वर्षांची शिकवणी फुकटात होऊन गेलेली असते आणि तिला तो 'आपोआप' म्हणतो.

आता आपल्या वस्तीतलं पोरगं घ्या. घरात पहिली गाडी हप्त्यावर येते आणि बहुतेकदा तोच ती कमावून आणतो. तोवर शिकायचं कशावर? मागून आणलेल्या गाडीवर. मालक मागे उभा राहून "क्लच जाळशील, उतर" म्हणून ओरडतोय. आणि शिकायचं कुठे? भूमिहीनाला पडायला रान नाही, म्हणून तो थेट डांबरी रस्त्यावर शिकतो. समोरून ट्रक, मागून एसटी. दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते कसायच्या जमिनीसाठी. पण जमीन नसली की माणसाचं काय काय शिकायचं राहून जातं, याचा हिशोब कुणी मांडलेला नाही. पोहणं घ्या, विहीर लागते. गाडी घ्या, रान लागतं.

गुणवत्तेच्या नावानं आपल्याला जे ऐकवलं जातं, ते याहून वेगळं काय आहे? तीन पिढ्यांची पुस्तकं घरात असलेल्याला वाचन 'आपोआप' येतं आणि आपल्या पोराला 'क्लास लावावा लागतो'. वारशानं मिळालेलं ते अंगचं आणि कष्टानं मिळवलेलं ते कमअस्सल, ही जातीचीच रीत आहे. मोटरसायकलच्या हँडलवर ती फार स्पष्ट दिसते, एवढंच.

मी या धंद्यात आलो तो गॅरेजमधून. आयटीआयला मोटर मेकॅनिकचा कोर्स केला, मग नगरच्या एका गॅरेजमध्ये लागलो. नगर हे तसं गाड्यांचं गाव. लष्कराच्या रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र इथं, वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथं. 1972 साली आलेली लूना ती इथल्याच कायनेटिकची. तरीही या गावात मोटरसायकल रीतसर शिकवणारा माणूस शोधून दाखवा. ड्रायव्हिंग स्कूल भरपूर आहेत, शिकवतात ती कार. फार तर बायकांना स्कूटी.

मला वळण लावलं ते लष्करातून निवृत्त झालेल्या एका काकांनी. गॅरेजवर गाडी घेऊन यायचे. आयुष्यभर जवानांना ड्रायव्हिंग शिकवलेला माणूस. एकदा म्हणाले, "तुला गाडी येते. शिकवता येते का?" मला वाटलं, त्यात काय? त्यांनी माझ्यासमोर एक नवखा पोरगा उभा केला आणि म्हणाले, याला क्लच समजावून सांग. मी दहा मिनिटं बोललो, पोराला काही कळलं नाही. मग काकांनी त्याला गाडीवर बसवलं. इंजिन चालू, पहिला गिअर, रेस अजिबात द्यायची नाही. क्लच इतका हळू सोडायचा की गाडी ओढ घेते ती जागा बोटांना कळली पाहिजे. कळली की परत दाबायचा. असं वीस वेळा. अर्ध्या तासात पोरगा गाडी न बंद पाडता मैदानाला फेरी मारून आला. सावित्रीमाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते याच नगरात, मिस फरार यांच्या संस्थेत. अक्षरं त्यांना आधीच येत होती. तरी त्या शिकवायचं शिकायला इथवर आल्या, याचा अर्थ मला त्या दिवशी लागला.

मग कागदांमागे लागलो. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम 24 आहे, तो वाचा. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवणाऱ्याला दहावी पास पाहिजे, पाच वर्षांचा चालवण्याचा अनुभव पाहिजे आणि मोटर मेकॅनिकचं प्रमाणपत्र पाहिजे. आपल्या वस्त्यांत हातात कसब असलेली पोरं ढिगानं आहेत. "ए पोऱ्या" अशा हाका ऐकत पंधरा वर्षं स्पॅनर चालवलेली. प्रमाणपत्र नाही म्हणून ती आयुष्यभर पोऱ्याच राहतात. ज्याच्याकडे कागद आहे तो 'सर' होतो. मी झालो. स्वतःचं स्कूल काढायला जागा, गाड्या, भांडवल लागतं, ते माझ्याकडे नव्हतं. म्हणून परवाना असलेल्या एका स्कूलमध्ये नोकरी धरली आणि मालकाला पटवून मोटरसायकलची बॅच सुरू केली.

याच नियमात एक गंमत आहे. स्कूलच्या गाडीला डबल कंट्रोल पाहिजे, म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक. त्यातून मोटरसायकल वगळलीय. कारमध्ये शिकणारा चुकला तर सर ब्रेक दाबतात. माझ्याकडे फक्त आवाज आहे. पहिले दोन दिवस मी शिकणाऱ्याच्या शेजारून धावतो, एक हात मागच्या कॅरिअरला. "नजर लांब! चाकाकडे बघू नको, जिकडे बघशील तिकडे जाशील." नंतर मागे बसतो. मागे बसलेल्या माणसाचा जीव पुढच्याच्या हातात असतो आणि पुढच्याचा कान मागच्याच्या शब्दावर.

इथं मला चाळीसगाव सांगायचंय. 1929 साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले. स्टेशनवरून महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. बॅरिस्टर असले म्हणून काय झालं, अस्पृश्याचा टांगा हाकणं त्याच्या इभ्रतीला कमी होतं. शेवटी तोडगा निघाला की टांगा भाड्यानं देतो, हाकणारा तुमचा आणा. आपल्याच माणसांपैकी एक जण बसला. त्यानं कधी टांगा हाकलेला नव्हता. नदीच्या फरशीवर घोडा उधळला, चाक दगडाला धडकलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. घोडा आणि टांगा खाली नदीत. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये त्यांनी स्वतः हे लिहून ठेवलंय.

आपण ही हकीकत सांगतो तेव्हा टांगेवाल्याच्या जातीच्या माजावर थांबतो. ते बरोबरच आहे. पण मी मोटरसायकल शिकवायला लागल्यापासून मला तो लगाम धरलेला माणूस जास्त दिसतो. आपल्या नेत्याला पायी चालायला लावायचं नाही, हा त्याचा स्वाभिमान होता. त्याला टांगा हाकायला कुणी शिकवलं असतं का? घोडा कुणाचा, तबेला कुणाचा? वाहन भाड्यानं मिळालं, कसब मिळालं नाही, आणि त्याची किंमत बाबासाहेबांच्या हाडानं मोजली.

त्याआधी 1901 चं मसूर आहे. लहानगा भीमराव भावंडांसोबत स्टेशनवर उतरलेला, बैलगाडीवाला शिवायला तयार नाही. दुप्पट भाडं ठरलं, गाडी पोरांनी हाकायची आणि गाडीवान शेजारून चालणार. माझ्या बॅचला मागे एका बागायतदाराचा मुलगा आला होता. वडील सोबत. पहिला प्रश्न, "कुठले तुम्ही? आडनाव काय?" सांगितलं. गृहस्थ गप्प झाले. पण थोरला मुलगा आरटीओच्या चाचणीत आठचा आकडा काढताना नापास झाला होता, म्हणून धाकट्याला ठेवलं. चौथ्या दिवशी त्यांनी थर्मास आणला, चहा दोन कपांत ओतला, एक स्वतःला, एक मुलाला. मला त्याचं काही वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. पण पाच मिनिटांनी मुलगा गाडीवर बसला, मी त्याच्या मागे बसलो, माझे दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर. बाप बघत होता. मसूरचा गाडीवान शिवायला नको म्हणून शेजारून चालला. मी शेजारून धावतो तो पोरगा पडू नये म्हणून. मुलगा पास झाला. मला 'सर' म्हणतो, रस्त्यात भेटला तर गाडी थांबवतो.

अॅट्रॉसिटी कायद्यात 2015 ची दुरुस्ती झाली आणि 26 जानेवारी 2016 पासून लागू झाली. त्यात सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटरसायकल चालवण्यापासून आपल्या माणसाला अडवणं हा स्पष्ट शब्दांत गुन्हा आहे. देशाच्या संसदेला 'मोटरसायकल' हा शब्द त्या कायद्यात का लिहावा लागला असेल? फेब्रुवारी 2025 मध्ये तमिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात कॉलेजात शिकणाऱ्या एका दलित मुलाच्या हातांवर वार झाले. बुलेट चालवतो म्हणून, असं घरच्यांनी सांगितलं. आणि आपल्या जिल्ह्याबद्दल मी काय सांगू? सोनई, खर्डा, जवखेडे ही नावं तुम्हाला पाठ आहेत. 2015 मध्ये शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनवरून सागर शेजवळला मारलं. आजही पोरगं रात्री गाडी घेऊन बाहेर पडलं की आई उंबऱ्यात बसून राहते. तिला भीती दोन गोष्टींची असते, माणसांची आणि रस्त्याची. माणसांसाठी कायदा आहे, कमी-जास्त. रस्त्यासाठी कोण आहे?

कारण रस्ता जास्त मारतोय. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यातली 44 टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची. आपल्याकडे ऊस हंगामात अंधारात उभी असलेली, मागे साधा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली ज्यानं अचानक समोर पाहिलीय त्याला आकड्यांची गरज नाही. मी शेवटचे दोन दिवस फक्त ब्रेक शिकवतो. मागचा ब्रेक एकटा दाबला की चाक घसरतं, पुढचा हळूहळू आवळत न्यायचा. 'पुढचा ब्रेक लावला की उलटतो' ही अंधश्रद्धा आपल्या पोरांच्या डोक्यातून काढायला मला देवाधर्माच्या अंधश्रद्धेइतकाच वेळ लागतो.

काही कार्यकर्ते मला विचारतात, चळवळीतल्या माणसानं गाड्या काय शिकवत बसायचं? त्यांना मी पुदुकोट्टई सांगतो. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या साक्षरता मोहिमेनं अक्षरांसोबत सायकलही शिकवायला घेतली आणि हजारो ग्रामीण बाया, त्यात कितीतरी दलित, सायकलवर बसल्या. आधी टिंगल झाली, मग गावं बदलली. माझ्याकडे एक आशाताई आल्या होत्या, वय बेचाळीस. नवऱ्याची गाडी दारात उभी, पण रात्री बाळंतिणीचा निरोप आला की कुणाच्या तरी मागे बसून जायचं. अकरा दिवस लागले. त्यांना मी शिकवलं आणि त्यांनी दोन मैत्रिणींना आणून सोडलं. याला मी संघटना म्हणतो, कुणी काही म्हणो.

आणि 14 एप्रिलचं बोलायलाच पाहिजे. तीन-तीन पोरं एका गाडीवर, डोक्यावर निळा फेटा, हेल्मेट नाही, सायलेन्सर काढलेला. इतरांच्या मिरवणुकांतही हेच चालतं आणि चलान कुणाचं आधी फाटतं तेही मला माहीत आहे. मी शिस्तीचं प्रवचन देणार नाही, ते द्यायला दुसरे खूप आहेत. मी फक्त विमा सांगतो. मालक-चालकासाठी 15 लाखांचं अपघात संरक्षण असतं, पण मालकाकडे वैध लायसन्स असेल तरच. गाडी बापाच्या नावावर, चालवणारा पोरगा, लायसन्स दोघांकडेही नाही, असं घर आपल्या वस्तीत किती आहेत? पोरगा गेला तर आईच्या हातात त्यातला रुपयाही पडत नाही. वर गाडीचे हप्ते राहतात.

नवीन बॅच पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला. लर्निंग लायसन्स आधी काढून घ्या, ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर पक्क्याची चाचणी देता येते. येताना बूट घाला, चप्पल चालणार नाही. गाडी नसली तरी या.