तांबडं उखळ

मराठीत एखाद्याचं नशीब उघडलं की त्याचं उखळ पांढरं झालं म्हणतात. साळी सडणाऱ्या, पोहे कांडणाऱ्या मुलखात हा वाक्प्रचार जन्मला असणार. आमच्या सोलापूरच्या घरातलं उखळ जन्मात कधी पांढरं झालं नाही. ते तांबडं होतं. लाल तिखट आणि शेंगांचं तेल पिऊन पिऊन त्याच्या पोटाला भाजलेल्या विटेचा रंग आला होता, आणि तो कितीही घासलं तरी जात नसे. "काय काकू, पोरं कमवायला लागली, उखळ पांढरं झालं की तुमचं," असं एखादी शेजारीण म्हणाली, तर आज्जी पदराला हात पुसत विचारायची, "पांढरं झालं तर चटणी कशात कुटू गं?"

बाळीवेशीच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं. स्वयंपाकघर आणि परसू यांच्यामधल्या पडवीत उखळ जमिनीत पुरलेलं. शहाबादी फरशीच्या पातळीला त्याचं फक्त तोंड दिसायचं. बाकीचं अंग किती खोल आहे, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्यावर एक लाकडी फळी असायची, आणि ती बाजूला असली की नव्या माणसाचा पाय हमखास आत जायचा. थोरल्या आत्याचे यजमान पहिल्या दिवाळसणाला आले आणि पहाटे अंघोळीला जाताना त्यात पाय मुरगळून घेऊन आठ दिवस मुक्कामाला राहिले. घरच्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज्जीचं म्हणणं, उखळानं जावयाला ओळख दाखवली.

त्याच्यावर बसायचं नाही, पाय ठेवायचा नाही. मुसळ काम झालं की आत उभं ठेवायचं नाही, कोपऱ्यात भिंतीला टेकवायचं. सणावाराला हळदकुंकू देवांच्या नंतर आणि माणसांच्या आधी उखळाला. आम्ही मस्ती केली की धमकी ठरलेली, "बांधून ठेवीन उखळाला." यशोदेनं कृष्णाला बांधलं ते उखळ त्याला ओढून नेता आलं. आमचं जमिनीत पुरलेलं असल्यामुळे ती सोय नव्हती.

पणजीपासून चालत आलेली एक गोष्टही उखळाच्या नावावर जमा आहे. 1930 च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला, तेव्हा तिरंगा बाळगणंसुद्धा गुन्हा झाला होता. पुढच्या जानेवारीत गावातल्या चौघांना येरवड्यात फाशी झाली; त्यांचे पुतळे आज चौकात आहेत. तर त्या धामधुमीत पणजीनं घरातला एक झेंडा घडी करून उखळात ठेवला, वर शेंगा ओतल्या आणि ती निवांत पाखडत बसली. झेंडा पुढे कुठं गेला, हे विचारलं की गोष्ट सांगणारा नेमका तंबाखू मळायला लागायचा. मला स्वतःला ही गोष्ट तीन आणे खरी वाटते. पण आज्जी ती सांगताना उखळाकडे साक्षीदाराकडे बघावं तशी बघायची.

आमच्या गल्लीत उखळाला तीन नावं होती. समोरच्या कानडी अव्वा त्याला ओरळू म्हणायच्या. पूर्व भागातून राहायला आलेल्या, घरात माग असलेल्या तेलुगू अम्मा रोलू म्हणायच्या. शेंगा मात्र अव्वांनाही शेंगाच होत्या. अम्मांच्या त्या पल्ल्या. धाकट्या आत्याच्या लग्नात घाणा भरायला दोन मुसळं लागली. दोन्ही एकत्र बांधायची, त्यांना आंब्याची पानं नि हळकुंड लावायचं. आमच्याकडे एकच, म्हणून दुसरं अव्वांकडून आलं. ते आमच्यापेक्षा चांगलं वीतभर उंच निघालं आणि सवाष्णींचे घाव एकदा जमिनीवर, एकदा आभाळात असे पडत राहिले.

गंमत अशी की या उखळाचा सगळा तोरा ज्या दोन जिनसांवर उभा, त्या दोन्ही उपऱ्या. भुईमूगही अमेरिका खंडातला आणि मिरचीही तिकडचीच. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथं तळं खोदवलं, तेव्हा सोलापुरात उखळं असणार, पण शेंगाची चटणी नव्हती. त्या काळची माणसं कडक भाकरी कशाशी खात असतील, या विचारानं मला लहानपणी त्यांची खरोखर कीव यायची.

चटणीचा दिवस रविवार. आज्जी शेंगा लोखंडी कढईत मंद जाळावर भाजायला घ्यायची आणि त्या वेळी तिच्याशी बोललेलं तिला चालत नसे. भाजल्याचा वास आधी गोड येतो, मग खमंग, आणि नंतर एका श्वासापुरता थांबून करपट होतो. त्या थांबलेल्या श्वासात कढई खाली आली पाहिजे. मग कोमट शेंगा तळहातांत चोळायच्या आणि सुपात पाखडायच्या. लालसर सालं वाऱ्यावर उडून आमच्या केसांत, वाळत घातलेल्या धोतरावर, अम्मांच्या उंबऱ्यावर. तोवर आज्जी उखळ कोरड्या फडक्यानं पुसून घेई. पाणी वर्ज्य. पाण्याचा थेंब राहिला तर चटणी चार दिवसांत खवट होते.

पहिले घाव मोठे. शेंगा उसळतात, बाहेर उडी मारतात, म्हणून एक हात काठाशी आडवा धरायचा आणि बोटं वाचवायची. मग मीठ, जिरं, तिखट, लसूण. लसूण सोललेला नसे. वरची सुटी सालं काढून पाकळ्या तशाच आत. इथून आवाज बदलतो. आधी खडखड असते, मग भरड थपथप, आणि शेवटी शेंगा हार मानतात तेव्हा एक जड, ओला आवाज येतो. दाण्याच्या वजनातला जवळजवळ निम्मा भाग तेलच असतं. ते घावांनी दाबून बाहेर काढावं लागतं. मिक्सरची पाती शेंगा कापतात, कुटत नाहीत. थोडं फिरवलं की कोरडी पूड, जास्त फिरवलं की लगदा. उखळात चटणीचे ओबडधोबड गोळे होतात, आणि त्यांच्या अंगावर तेल घामासारखं उभं राहतं. "तेल सुटायलंय बघ," आज्जी म्हणायची, आणि मुसळ थांबवून बोटाला लागलेलं आमच्या जिभेवर टेकवायची. तेवढ्यासाठी आम्ही पोरं तासभर सालं उडवून घेत बसलेलो असायचो.

पण उखळाची खरी दोस्ती आबांशी होती.

आबा गिरणीत साचेखात्यात. 1877 साली जुनी मिल सुरू झाली, तेव्हापासून या गावाचा दिवस भोंग्यानं उगवायचा आणि भोंग्यानंच मावळायचा. आमच्या घरातलं घड्याळ त्यावर लावलं जायचं. आबांना स्वतःला मात्र भोंगा ऐकू यायचा बंद झाला होता. तीस वर्षं शेकडो साच्यांच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले होते. रात्रपाळी करून सकाळी यायचे, केसांत नि भुवयांत कापसाचे तंतू, जणू एका रात्रीत म्हातारे झालेत. दुपारपर्यंत झोपायचे. त्या वेळात आम्ही घरात कितीही दंगा करा, अव्वांच्या रेडिओवर धारवाड केंद्र फुल्ल आवाजात लागू द्या, आबांची कूस बदलायची नाही. पण उखळात मुसळाचा एक घाव पडला की ते उठून बसत. घाव जमिनीतून जायचा, फरशीतून खाटेच्या पायात, तिथून त्यांच्या बरगड्यांत. घरातली एकच गोष्ट त्यांच्याशी बोलू शकायची, आणि ती दगडाची होती.

म्हणून रविवारी ते जागे असताना, चप्पल काढून, अनवाणी पाय फरशीवर टेकवून बाहेरच्या खोलीत बसायचे. हातात वर्तमानपत्र. मध्येच मोठ्यानं म्हणायचे (ऐकू न येणारी माणसं मोठ्यानंच बोलतात), "लसूण टाक आता." आणि आज्जीच्या हातात त्याच क्षणी लसणाची वाटी असायची. थोड्या वेळानं, "बास की. तेल आलं." पायांच्या तळव्यांनी चटणी चाखणारा माणूस मी त्यानंतर पाहिला नाही. आज्जी चिडायची. "हे तिथून सांगायल्यात. मला काय कळत नाही काय?" पण ज्या रविवारी आबांनी काहीच सांगितलं नाही, त्या रविवारी ती दोनदा बाहेर डोकावून आली.

मुसळधार पाऊस म्हणजे काय, हे मला सोलापूर सोडल्यावर, चिपळूणला कळलं. वर्षाकाठी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या गावात मुसळ घरातच बघायचं. आज्जीचं माहेर मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात, मालदांडी ज्वारीच्या मुलखात. 1972 च्या दुष्काळात तिचे दोन भाऊ बायकापोरांसह आमच्याकडे आले. रेशनवरचा लाल मिलो, त्याच्या भाकऱ्या थापताना तुटायच्या. शेंगा परवडेनात, म्हणून चटणीत शेंगा कमी नि तिखट जास्त. ते वर्ष उखळाला मानवलं नाही, असं आज्जी सांगायची. "तिखट वाढवलं की पाणी जास्त लागतंय. आणि पाणी कुठं होतं?"

पुढे नव्वदच्या आगेमागे गावातल्या गिरण्या एकेक करून थंडावल्या. आबांचीही बंद पडली. निवृत्तीला चार वर्षं होती. त्या गिरणीचं नाव त्यानंतर त्यांनी घेतलं नाही, आम्हीही घेत नाही. घरात रडारड झाल्याचं मला आठवत नाही. आठवतं ते असं की उखळ रविवारऐवजी रोज वाजायला लागलं. आज्जी पाव-पाव किलोच्या पुड्या बांधायची. आबा त्या सायकलवर घेऊन जायचे. सोलापूरच्या शेंगाचटणीचं आता नाव झालंय, पुण्या-मुंबईच्या दुकानांत डबे दिसतात, परदेशी जाणाऱ्यांच्या सामानात जातात. आमच्या पुड्यांवर नावच नव्हतं. वर्तमानपत्राच्या कागदातून तेल झिरपायचं आणि बातम्या पारदर्शक व्हायच्या. दीड-दोन वर्षांत आज्जीच्या उजव्या खांद्यातून कळ यायला लागली. कुणी थांबायला सांगितलं तर म्हणायची, "उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं?" ही म्हण सगळ्यांनाच माहीत असते, ती बोलता बोलता मुसळ उचलणारं माणूस मी एकच पाहिलं.

आबा गेले, पाच वर्षांनी आज्जी गेली. 2004 मध्ये घर पाडायला दिलं. उखळ काढायला चार माणसं आणि दोन पहारी लागल्या. वरून ताटाएवढं दिसणारं ते उखळ खाली जवळजवळ कमरेइतकं होतं. वरचा काठ गुळगुळीत आणि खालचा काळा पाषाण तसाच, टाकी न लागलेला. त्याच्याखाली मोहरा-बिहरा निघतील म्हणून धाकटे काका खड्ड्यापाशी सकाळपासून उभे होते. मुंग्या निघाल्या. पिढ्यान् पिढ्या खाली उतरलेल्या कुटावर पोसलेल्या, चांगल्या लालभडक.

काकांचा फ्लॅट जुळे सोलापुरात, तिसऱ्या मजल्यावर. उखळाला लिफ्टमधून वर नेलं, बाल्कनीत बसवलं. पहिल्या चटणीलाच दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले. त्यांच्या झुंबराची लोलकं हलत होती. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. उखळ खाली पार्किंगमध्ये आलं. दोन स्कूटरच्या मधोमध आता ते असतं, आणि वर्षभर त्यात पावसाचं पाणी, सुपारीची पाकिटं, कुणाची तरी हरवलेली किल्ली. पण भोगीच्या आधी काकू बादली-घासणी घेऊन खाली उतरते. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत नंदीध्वज बघायला येणाऱ्या पाहुण्यांना मिक्सरची चटणी वाढायची नाही, एवढा तिचा एक हट्ट आहे. त्या पाहुण्यांत आम्हीही असतो.

गेल्या संक्रांतीला मी शेंगा पाखडत होते, काकू कुटत होती, आणि सालं एका नव्या कोऱ्या गाडीच्या काचेवर जाऊन बसत होती. वॉचमन मघापासून काही कारण नसताना जवळपास घुटमळत होता. बाबा शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले. अलीकडे त्यांनाही कमी ऐकू येतं. वर्तमानपत्र मांडीवर ठेवून त्यांनी डोळे मिटले, थोडा वेळ पाय जमिनीवर घट्ट टेकवून बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "लसूण टाक आता."

"दादा, लसूण मघाशीच पडला की," काकू मुसळ न थांबवता म्हणाली.

बाबांनी डोळे उघडून खाली बघितलं. पायांत रबरी स्लिपर होती.