जर्मनची नाव

आमच्या भागात ॲल्युमिनियमला फार वर्षं त्याच्या नावानं कुणी ओळखत नव्हतं. ते 'जर्मन'. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा, शाळेला न्यायची जर्मनची पेटी. २०२१चा पूर ओसरल्यानंतरच्या हिवाळ्यात इस्लामपूरच्या माझ्या वर्कशॉपसमोर टेम्पोतून बारा फुटी नाव उतरवली, तेव्हा आई काठी टेकत बाहेर आली. तिनं पत्र्यावर बोटं वाजवली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "जर्मनची हाय की रं. माणसांचा भार सोसंल का हिला?"

हा प्रश्न माझ्यामागं लहानपणापासून लागलेला आहे. पाण्यावरची वस्तू माणसांचा भार कशी सोसते आणि कधी सोसत नाही, हे मी एकेका नावेकडून शिकत आलो.

पहिली नाव ही नावच नव्हती. ती काहील होती. माझं आजोळ बोरगावचं. पलीकडं बहे, मधे कृष्णेच्या पात्रात रामलिंग बेट आणि त्यावर समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक. उन्हाळ्यात ज्या काहिलीत उसाचा रस उकळायचा, चुलवाणावर ज्या काहिलीभोवती आम्ही पोरं गरम काकवीसाठी घुटमळायचो, तीच काहील गुऱ्हाळ संपल्यावर पावसाळ्यात नदीवर यायची. लोखंडी पत्र्याची ती गोल, पसरट काहील दोघेजण काठानं धरून पाण्यात ढकलायचे. १९७०च्या सुमारास, सात-आठ वर्षांचा असताना, मी मामाच्या मांडीला चिकटून तिच्यात बसलो. काहिलीला तोंड नसतं आणि पाठही नसते. एक वल्हं मारलं की ती पुढं जाण्याआधी स्वतःभोवती फिरते. काठ, झाडं, घाट सगळं गरगरत होतं. काहील हाकणारे भोईतात्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, "बूड टेकून बसा. उठायचं न्हाई. काठाला रेलायचं न्हाई. मधी बसा, समदी मधी बसा."

पलीकडं उतरल्यावर मामा म्हणाला, "पाण्याला ताकद लागत न्हाई, तोल लागतो." तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता. वाक्य मात्र लक्षात राहिलं.

पुढं मी आयटीआयला वेल्डिंग शिकलो आणि १९८६मध्ये इस्लामपुरात शेड टाकलं. उसाच्या ट्रॉल्या, खिडक्यांचे गज, नांगराचे फाळ, लोखंडाचं जे येईल ते काम केलं. १९९४ साली भोईतात्यांचा मुलगा आला. "दाजी, एक नाव करून द्या. लाकडी दरसाल गळती." मी दोन मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा घेतला, अँगलच्या फासळ्या घातल्या आणि ट्रॉली बांधतात तशी नाव बांधली. वजन भरलं पावणेदोनशे किलोच्या पुढं. ती चालली, पण घाटावर ओढायला चार माणसं लागायची. दोन पावसाळ्यांत जोडांवर गंज चढला. तिसऱ्या वर्षी बुडाला ठिगळ लावलं, पाचव्या वर्षी ठिगळाला ठिगळ. शेवटी ती गोठ्यात गेली, जनावरांच्या पाण्याला.

मग आला २०१९चा ऑगस्ट. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी चाळीस फुटांवर इशारा आणि पंचेचाळीस फुटांवर धोका मानतात. त्या वर्षी कृष्णा साडेसत्तावन्न फुटांवर गेली. २००५च्या पुराच्या खुणा भिंतींवर जपणाऱ्या गावांनी त्यांच्यावर नवी रेघ ओढली. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी नाव उलटली. बायकापोरं गेली. जिवाच्या भीतीनं माणसं तिच्यात जास्त चढली होती, आणि पाणी चढत असताना कुणी कुणाला मागं ठेवणार? दोष कुणाला द्यावा असा तो प्रसंग नव्हताच. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. मी स्वतःच्या हातानं एक नाव बांधली होती. तिच्यात किती माणसं बसावीत हे मी तिच्यावर कधी लिहिलं नव्हतं. मला ते माहीतही नव्हतं.

त्यानंतर मी हिशेब शिकलो. साधा हिशेब आहे. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. बारा फूट लांब, चार फूट रुंद, सपाट बुडाची आणि पुढं निमुळती होणारी नाव एक सेंटिमीटर खाली बसली, की सुमारे पस्तीस लिटर पाणी सरतं. म्हणजे पस्तीस किलो. साठ-सत्तर किलोचा माणूस चढला की ती दोनेक सेंटिमीटर दबणार. एवढ्यावरून वाटतं की दीड फूट उंच काठाच्या नावेत दहा-बारा माणसं सहज मावतील. फसगत होते ती इथंच. नाव बहुधा भारानं तळाला जात नाही, ती कलते. माणसं एका बाजूला झुकली, काठ पाण्याला टेकला, आत घागरभर पाणी आलं, की ते पाणीही खालच्या बाजूला धावतं आणि कल वाढवतं. भोईतात्या 'मधी बसा' म्हणत होते ते यासाठी.

तात्यांच्या मुलाचा मुलगाही आता नदीवर जातो. मरळ, वांब, कटला, आणि अलीकडं सगळीकडं पसरलेली चिलापी. बंधाऱ्याला बर्गे घातले की मागं पाणी तुंबतं, तिथं त्याचं काम चालतं. त्यानं नाव मागितली तेव्हा मी लोखंडाचं नाव काढलं नाही. ॲल्युमिनियमची घनता लोखंडाच्या जवळपास एक-तृतीयांश. पत्र्याची जाडी तीच ठेवली तरी नाव सत्तर किलोच्या आत बसते, दोन माणसं ती उचलून ठेवतात. आणि हा धातू आपल्याला परका नाही. राधानगरीकडच्या सह्याद्रीच्या माथ्यावर बॉक्साइट सापडतं, तिथल्या खाणींचा माल बेळगावच्या कारखान्यात जातो आणि त्यातून ॲल्युमिना निघतो. ज्याला आम्ही जर्मन म्हणत आलो, त्याची माती आमच्याच डोंगरातली आहे.

नाव तयार आणली होती, पण नुसता सांगाडा. आत आडव्या फासळ्या, दोन बाकं, पाय ठेवायला सपाट जागा नाही. गळ टाकून बसणाऱ्याला ते चालतं. पाग टाकणाऱ्याला चालत नाही. पाग म्हणजे गोल जाळं, त्याच्या घेराला शिशाच्या गोळ्या. टाकणारा मोहऱ्यावर उभा राहतो, जाळ्याचा काही भाग खांद्यावर, काही हातात घेतो, कमरेतून सबंध अंग फिरवतो आणि जाळं हवेत छत्रीसारखं उघडून पाण्यावर पडतं. त्याच्या पायाखाली भक्कम, कोरडी, सपाट जमीन पाहिजे. म्हणून माडीला करतात तशी तक्तपोशी नावेला करायची ठरली.

पहिली तक्तपोशी मी चुकीची केली. उभं राहायला मोकळं व्हावं म्हणून फळी काठाच्या पातळीला आणली. दिसायला सुरेख झाली. नाव डोहात नेली, पोरगा मोहऱ्यावर उभा राहिला, पाग फिरवला, आणि पाग, पोरगा दोन्ही पाण्यात. पोहणारा होता, हसत वर आला. मला हसू आलं नाही. ब्रह्मनाळनंतर दोन वर्षं मी हिशेब मांडत होतो आणि तरी माणसाचं वजन मीच फूटभर वर उचलून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळं उखडलं. फळी काठापासून फूटभर खाली, थेट फासळ्यांवर टेकवली. फळीखाली फासळ्यांच्या मधल्या पोकळीत आणि दोन्ही बाकांच्या पोटात बंद पेशींचा फोम घट्ट भरला, नाव पाण्यानं भरली तरी तळाला जाऊ नये म्हणून.

फळीला मरीन प्लायवूड वापरलं, आयएस ७१० छापाचं. कडा आणि भोकं इपॉक्सीनं बंद केली, कारण प्लायवूड पाणी पितं ते कडेतून. तांब्याचं औषध मारलेलं लाकूड मुद्दाम टाळलं. ओलीत तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना भिडले की ॲल्युमिनियम झिजतं, पत्र्याला पांढरी भुकटी सुटते आणि सुईएवढी भोकं पडतात. लोखंडी स्क्रूचंही तसंच. स्टेनलेसचे स्क्रू घेतले, त्यांच्याखाली नायलॉनचे वायसर दिले. प्रत्येक स्क्रूचं डोकं फळीत बुडवलं, नाहीतर पागाचा दोरा त्यात अडकतो. वर खरखरीत रबर चिकटवलं. पाणी मागं वाहून एका जागी जमावं म्हणून फळीला थोडा उतार ठेवला.

मग मोटरी. पेट्रोलचं इंजिन त्या पोराला नको होतं. खर्च, धूर, पाण्यावर तेलाची साय, आणि आवाजानं मासा डोहाच्या तळाला जातो. विजेची मोटर तशी नवी गोष्ट नाही. पॅरिसमध्ये गुस्ताव्ह त्रूव्हे यांनी १८८१मध्ये सीन नदीवर काढता-घालता येणारी विजेची मोटर लावून होडी चालवली होती. आम्ही दोन घेतल्या. एक पिछाडीला, पंचावन्न पौंड ओढीची. दुसरी लहान, मोहऱ्यावर. मागची नाव ढकलते. पुढची तिला ओढते आणि वाहत्या पाण्यात तोंड सरळ धरून ठेवते. गाडीला बैल पुढं का जुंपतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. मागून ढकललेली वस्तू वाकडी जाते, पुढून ओढलेली ओढणाऱ्याच्या मागं येते.

साधारण ठोकताळा असा, की शंभर पौंड वजनाला दोन पौंड ओढ हवी. नाव, दोन माणसं, जाळी, मासे आणि बॅटरी मिळून आमचा भार चारशे किलोच्या आत. मागची मोटर त्याला पुरून उरते. ती पूर्ण जोरानं बारा व्होल्टवर पन्नासेक ॲम्पिअर खाते, हळू चालवली तर दहा-बारा. शंभर ॲम्पिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीतून निम्मीच वीज काढावी, नाहीतर ती लवकर मरते. म्हणजे पूर्ण जोरावर एक तास, सबुरीनं चार तास. नदीनं मला हा धडा पुन्हा शिकवला. जोर कमी केला की पल्ला वाढतो.

सुरुवातीला घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी लावली होती. ती अवजड, शिवाय ॲसिड, आणि चार्ज होताना सुटणारा वायू बंद फळीखाली साठण्याची धास्ती. वर्षभरानं लिथियम फॉस्फेटची घेतली. तेवढ्याच क्षमतेला बारा-तेरा किलो. ती नावेच्या मधोमध, बुडाशी, पट्ट्यानं बांधून ठेवली. बॅटरीपासून वीतभर अंतरावर साठ ॲम्पिअरचा ब्रेकर. पाण्यावर वायर तापली तर पळायला जागा नसते.

पहिल्या पहाटे मी त्याच्याबरोबर गेलो. डिसेंबर होता, पाण्यावर धुकं. त्यानं मुठीला हात लावला आणि नाव घाटापासून सुटली, आवाज न करता. मोटरीची बारीक गुणगुण तेवढी बुडातून पायांना लागत होती. बेटाकडून देवळातली घंटा ऐकू आली. एक मासा उसळला, त्याचं परत पाण्यात पडणंसुद्धा ऐकू आलं. पोरगा मोहऱ्यावर उभा राहिला, पाग खांद्यावर घेतला, वळला आणि फेकला. पायाखालची फळी हलली नाही. त्याचं अंग पूर्ण फिरलं आणि नाव थोडीशी झुकून पुन्हा आपल्या जागी आली. मला काहिलीतला मामा आठवला.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ही नाव पुराची नाही. या मोटरींचा वेग झपाझप चालणाऱ्या माणसाएवढा. पुराच्या धारेत त्या कामाच्या नाहीत. तिथं मोठं इंजिन, शिकलेली माणसं आणि लाइफ जॅकेट हवीत. पण तोलाचा हिशेब दोन्हीकडं एकच आहे.

शेवटचं काम रंगाचं होतं. इंग्लंडमध्ये सॅम्युएल प्लिमसॉल यांच्या खटपटीनं १८७६मध्ये कायदा झाला आणि जहाजांच्या बाजूला भाराची रेघ आखणं सक्तीचं झालं. रेघ पाण्याखाली गेली की माल उतरवायचा. तशीच रेघ मला या नावेवर हवी होती. मी नाव डोहात नेली, तिच्यात एकेक माणूस बसवला, प्रत्येक वेळी पाणी कुठं लागतं ते खडूनं टिपलं, मग सगळ्यांना एका बाजूला झुकायला सांगितलं. चौघांपर्यंत काठ पाण्यापासून वीतभर वर राहिला. पाचव्याला तो चार बोटांवर आला. चौथ्या खुणेवर दोन्ही बाजूंना तांबडी रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'माणसं ४'. आईला फोटो दाखवला. ती वाचून म्हणाली, "आता कळलं किती सोसती ते."

कृष्णा-वारणेच्या काठावरच्या गावांना माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या गावात नाव असेल, लाकडी असो, फायबरची असो, लोखंडी असो की जर्मनची, यंदाच्या पावसाळ्याआधी ती पाण्यात घाला. एकेक माणूस बसवा, रेघ आखा, आकडा लिहा. पुराच्या दिवशी हिशेब करायला वेळ नसतो. तो कोरड्या दिवसांतच करून ठेवावा लागतो.