खेळातला कट आणि बांधावरची शंका



घरातली पोरे मोबाईलवर, संगणकावर कसले खेळ खेळतात, हे आपण सहसा विचारीत नाही. विचारावे. २००७ साली निघालेला ‘असॅसिन्स क्रीड’ हा खेळ घ्या. त्यात टेम्पलर नावाची गुप्त मंडळी शतकानुशतके जगाची सूत्रे हलवतात. २००० सालच्या ‘डेअस एक्स’मध्ये इल्युमिनाटी येतात. नावे खरी आहेत. टेम्पलर हा ख्रिस्ती योद्ध्यांचा संघ. पोपने तो १३१२ साली मोडला. इल्युमिनाटी १७७६ साली जर्मनीतल्या बव्हेरियात निघाली आणि दहा वर्षांच्या आत तिथल्या सरकारने तिच्यावर बंदी घातली. मेलेल्या संस्था खेळवाल्यांनी जिवंत केल्या, इतकेच. गोष्ट रंगतदार आहे. भाच्याशेजारी बसून मीही तासभर पाहिली.

पण तीच गोष्ट शेतात आली की विचार करावा लागतो. सांडोरला एका बागेत केळीची पाने आखूड होऊन शेंड्याला झुबक्यासारखी उभी राहिली होती. घरचा तरुण मुलगा म्हणाला, “साहेब, हे कोणीतरी केलंय. शेजारची बाग हिरवीगार, मग आमचीच का?” त्याने खुणाही जुळवल्या होत्या: रात्री दिसलेली बॅटरी, बांधावरची रिकामी बाटली, जुने भांडण. खेळात खुणा जुळतात, कारण त्या कोणीतरी मुद्दाम पेरलेल्या असतात. शेतात तसे नसते. तो पर्णगुच्छ रोग होता. रोगट मुनव्यांबरोबर तो येतो आणि मावा तो झाडाझाडांत पसरवतो. मुनवे कुठून आणले, असे मी त्याच्या वडिलांना विचारले. ते परगावाहून आणले होते. शेजाऱ्याने मात्र घरचेच लावले होते. आधी मावा मारला, मग रोगट झाडे कंदासकट काढून नष्ट केली. शेजाऱ्याशी होणारे भांडण टळले.

अशी शंका टळली नाही तर काय होते, ते आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यात गडचिंचले येथे चोर आल्याच्या अफवेवरून जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक अशा तिघांना ठार मारले. त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुले पळवणारे समजून भिक्षा मागणाऱ्या पाच जणांचा जीव घेतला गेला.

कट कधीच नसतात, असे मी म्हणत नाही. १९०९ साली नाशिकला कलेक्टर जॅक्सनला मारले, तो कटच होता. पण त्यात माणसे मोजकी, हेतू एक, आणि तो उघडकीला आला झडत्या-जबान्यांतून. ज्या कटात सारे जग सामील असते आणि पुरावा नसणे हाच ज्याचा पुरावा ठरतो, तो खेळातच शोभतो.

खताचा गुण पाहायचा तर आपण एका वाफ्याला खत देतो, शेजारचा कोरा ठेवतो. शंकेलाही तसा कोरा वाफा ठेवावा. कोणी काही केले नसते, तरी हे घडले असते का?

पोरांना खेळू द्या. फक्त संध्याकाळी जेवताना विचारा, “बाळा, हे खोटे असते, तर तुला कशावरून कळले असते?” आणि मोबाईलवर आलेल्या निरोपाबद्दलही हेच विचारा. उत्तर मिळेपर्यंत तो पुढे पाठवू नका.